अंगठा, सातबारा आणि खाजगी किल्ली

डहाणू आणि तलासरी या तालुक्यांच्या अर्वाचीन इतिहासात ‘अंगठा’ या शब्दाला जो अर्थ प्राप्त झाला आहे, तो कोणत्याही शब्दकोशात सापडणार नाही. लग्नासाठी काढलेल्या थोड्याशा कर्जापायी वारली तरुण जमीनदाराचा ‘लग्नगडी’ होई, आणि त्याचेच नव्हे तर त्याच्या पत्नीचे, पुष्कळदा मुलांचेही श्रम दुसऱ्याच्या मालकीचे होत. व्यवहाराची वही सावकाराच्या घरी, लेखणी त्याच्या कारकुनाच्या हाती आणि खाली ठसा मात्र कर्जदाराचा, असा तो मामला होता. वहीत काय लिहिले आहे हे ज्याचा अंगठा त्यालाच ठाऊक नसे. डी. सायमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने मुंबई सरकारसाठी तयार केलेल्या १९३९ च्या अहवालात या वेठबिगारीची नोंद आहे. २३ मे १९४५ रोजी झरी येथे किसान सभेच्या परिषदेला जमलेल्या हजारो आदिवासींनी, गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली, यापुढे वेठ करणार नाही असा निर्धार केला, तेव्हा त्या वहीची सत्ता प्रथमच डळमळली.

त्याच १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्राचा पाया घातला. पुढे १९५७ मध्ये ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघ यांनी ते आयुष्यभर चालविले. एका चळवळीने अंगठा नाकारायला शिकविले, दुसरीने अक्षर गिरवायला. दोन्हींचे मर्म एकच होते. आपली खूण आपल्या हाती असावी आणि ती कशाखाली उमटते आहे हे आपल्याला कळावे.

हे सारे आज नव्याने आठवण्याचे कारण असे की, संपत्तीचा एक असा प्रकार जगात रूढ झाला आहे, ज्यात धन्याची खूण हेच धन्याचे सर्वस्व असते. कूटचलन किंवा क्रिप्टोकरन्सी या नावाने तो ओळखला जातो. २०१३ पासून उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत येऊ लागली, तलासरीतून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो, वापी-उंबरगावचे कारखाने सीमेपलीकडे आहेत आणि मोबाइल तर पाड्यापाड्यांत पोहोचला आहे. अशा प्रदेशातील शिक्षकाला, कारकुनाला वा महाविद्यालयीन विद्यार्थ्याला हा विषय मुंबई-पुण्याचा म्हणून बाजूस सारता येणार नाही. कूटचलनात पैसे गुंतवावेत की नाही, हा एक प्रश्न आहे. परंतु ज्याने ते घेतलेच आहे त्याने ते एका वॉलेटमधून दुसऱ्या वॉलेटमध्ये सुरक्षितपणे कसे न्यावे, आणि त्या कामी लागणारी खाजगी किल्ली कोणाच्या हाती असावी, हा त्याहून निकडीचा प्रश्न आहे. पहिल्या प्रश्नाची चर्चा पुष्कळ होते. दुसऱ्याची जवळजवळ होत नाही.

वॉलेटमध्ये पैसे नसतात

प्रारंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. वॉलेट म्हटले की पाकीट किंवा बटवा डोळ्यांपुढे येतो आणि त्यात नाणी आहेत असे वाटते. वस्तुतः वॉलेटमध्ये एकही नाणे नसते. २००८ मध्ये सातोशी नाकामोतो या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या निबंधात मांडले गेलेले आणि जानेवारी २००९ मध्ये प्रत्यक्ष सुरू झालेले बिटकॉइन हे पहिले कूटचलन म्हणजे एक सार्वजनिक खातेवही आहे. तिच्या एकसारख्या प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर असतात. या वहीत माणसांची नावे नसतात. असतात ते केवळ पत्ते, म्हणजे अक्षरे आणि अंक यांच्या लांबलचक ओळी. अमुक पत्त्यावर अमुक रक्कम, एवढीच तिची नोंद.

ती रक्कम हलविण्याचा अधिकार ज्याच्यापाशी त्या पत्त्याची खाजगी किल्ली आहे त्याला. ही किल्ली म्हणजे एक प्रचंड संख्या होय. दशमान पद्धतीने लिहावयाची तर ती सुमारे ७७-७८ आकडी भरते. या संख्येपासून गणिताने सार्वजनिक किल्ली निघते आणि तिच्यापासून पत्ता. उलट दिशेने मात्र वाट नाही. पत्ता जगाला दाखविला तरी त्यावरून खाजगी किल्ली शोधून काढणे व्यवहारतः अशक्य असते. रक्कम पाठविताना वॉलेट या किल्लीने व्यवहारावर स्वाक्षरी करते. त्या स्वाक्षरीवरून किल्ली धन्यापाशी आहे एवढे सिद्ध होते, पण किल्ली उघड होत नाही. सामान्य माणसाला एवढी मोठी संख्या सांभाळता यावी म्हणून बहुतेक वॉलेट तिचे रूपांतर बारा किंवा चोवीस सोप्या शब्दांत करतात. २,०४८ शब्दांच्या एका ठराविक यादीतून हे शब्द निवडले जातात आणि त्यांच्यापासून केवळ एकच नव्हे, तर किल्ल्यांचा सबंध जुडगा पुन्हा निर्माण करता येतो.

यातून निघणारा निष्कर्ष साधा आहे, पण त्याची जाणीव फार थोड्यांना असते. मोबाइल हरवला तर काही बिघडत नाही. बारा शब्द जवळ असले म्हणजे दुसऱ्या मोबाइलवर सारे परत मिळते. मोबाइल खिशात सुखरूप असला आणि ते बारा शब्द दुसऱ्या कोणी पाहिले असले, तर मात्र ती रक्कम त्याचीही झाली. तो केव्हा नेईल एवढाच प्रश्न उरतो.

महसूल दप्तर आणि ही वही

जमिनीच्या व्यवहाराशी तुलना केली म्हणजे या व्यवस्थेचे वेगळेपण ध्यानी येते. सातबाऱ्याचा उतारा हरवला तर महसूल दप्तरातून दुसरा मिळतो. कागद गेला म्हणून जमीन जात नाही. फसवणुकीने नोंद झाली तर तिच्यावर अपील आहे. अनुसूचित जमातींच्या बाबतीत तर कायद्याने आणखी पुढे पाऊल टाकले. महाराष्ट्रात १९७४ चा जमिनी परत करण्याबाबतचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींकडून बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी मूळ धन्याला परत देण्याची तरतूद झाली. त्याची अंमलबजावणी किती झाली हा वादाचा विषय आहे. परंतु तत्त्व महत्त्वाचे होते. अंगठा उमटला असला तरी तो कोणत्या परिस्थितीत उमटला हे पाहण्याचा अधिकार समाजाने आपल्याकडे ठेवला. १९७६ मध्ये वेठबिगार नष्ट करणारा केंद्रीय कायदा झाला, त्यामागेही हेच तत्त्व होते.

कूटचलनाच्या वहीला असा विवेक नाही. स्वाक्षरी गणिताने बरोबर असली की व्यवहार झाला. ती अज्ञानाने केली, धाकाने केली की चोराने केली, हे वही विचारीत नाही. बिटकॉइनच्या वहीत सरासरी दहा मिनिटांनी नोंदींचे एक नवे पान जोडले जाते, आणि व्यवहाराच्या पानावर आणखी काही पाने चढली म्हणजे ती नोंद जगातील कोणत्याही अधिकाऱ्याला खोडता येत नाही. या व्यवस्थेचे पुरस्कर्ते यालाच स्वातंत्र्य म्हणतात, आणि त्यात तथ्यही आहे. सरकारला खाते गोठविता येत नाही, बँकेला अडवणूक करता येत नाही. पण जिथे अडविणारा नाही तिथे सोडविणाराही नाही, ही या स्वातंत्र्याची दुसरी बाजू आहे.

दुसऱ्याच्या हाती दिलेली किल्ली

किल्ली सांभाळण्याची ही जोखीम नको म्हणून बहुसंख्य लोक आपले कूटचलन एक्सचेंजवर, म्हणजे खरेदी-विक्री करणाऱ्या कंपनीकडेच, ठेवतात. तेथे ग्राहकाला सांकेतिक शब्द मिळतो, किल्ली नव्हे. किल्ली कंपनीची, ग्राहकाच्या नावे केवळ कंपनीच्या वहीत जमा. भारतात या धंद्याला रिझर्व्ह बँकेच्या ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने बँकांची दारे बंद झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द केल्यावर ती पुन्हा उघडली आणि ग्राहकांची रीघ लागली.

या व्यवस्थेतील धोका १८ जुलै २०२४ रोजी उघड झाला. वझीरएक्स या एक्सचेंजच्या एका वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे जवळजवळ दोन हजार कोटी रुपये, किमतीचे कूटचलन चोरीस गेले. हे वॉलेट एका किल्लीवर चालणारे नव्हते. त्याला सहा स्वाक्षरीकर्ते होते: पाच एक्सचेंजचे आणि एक सांभाळ करणाऱ्या दुसऱ्या कंपनीचा. एक्सचेंजच्या तिघांच्या आणि त्या कंपनीच्या संमतीविना रक्कम हलू शकत नव्हती. तरीही ती गेली. पडद्यावर दिसणारा व्यवहार एक होता आणि प्रत्यक्षात स्वाक्षरी झाली ती दुसऱ्याच मजकुरावर, असे एक्सचेंजने सांगितले. दोष कोणाचा यावर दोन्ही कंपन्यांत वाद झाला. अमेरिका, जपान व दक्षिण कोरिया यांनी जानेवारी २०२५ मधील संयुक्त निवेदनात या चोरीमागे उत्तर कोरियाचे हस्तक असल्याचे म्हटले. ग्राहकांचे पैसे मात्र अडकले, आणि सिंगापूरच्या न्यायालयाने पुनर्रचनेची योजना मंजूर केल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये व्यवहार पुन्हा सुरू होईपर्यंत वर्षाहून अधिक काळ गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या परदेशी एक्सचेंजमधून सुमारे दीड अब्ज डॉलर गेले, तेही अशाच प्रकारे. सही करणाऱ्यांना दिसले एक आणि त्यांनी सही केली दुसऱ्यावर. ज्यावर सही होते आहे ते न वाचता आल्याचा हा परिणाम जगातील निष्णात तंत्रज्ञांच्या वाट्याला आला, हे विसरता कामा नये.

पुण्याचे प्रकरण याहून बोलके आहे. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेने दरमहा दहा टक्के परताव्याचे आमिष दाखवून देशभरच्या लोकांकडून बिटकॉइन गोळा केले; २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी तिच्या प्रवर्तकाला अटक केली. आरोपींच्या वॉलेटचा तपास करण्यासाठी पोलिसांनी खाजगी तज्ज्ञांचे साहाय्य घेतले. मार्च २०२२ मध्ये पोलिसांनी अशा दोन तज्ज्ञांनाच अटक केली. त्यांपैकी एक पूर्वाश्रमीचे पोलीस अधिकारी होते. तपासासाठी हाती आलेल्या वॉलेटमधून कूटचलन आपल्याकडे वळविल्याचा आणि शिल्लक कमी दिसावी असे पुरावे सादर केल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. आरोपाचा निवाडा करणे न्यायालयाचे काम. पण किल्ली हाती आलेला माणूस आणि धनी यांत वही फरक करीत नाही, हे या प्रकरणाने पोलीस खात्यालाही शिकविले. पुढे हा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये देशभर साठाहून अधिक ठिकाणी झडत्या घालून सुमारे २४ कोटी रुपयांचे कूटचलन जप्त करण्यात आले. जप्त केलेले कूटचलन कोणाच्या वॉलेटमध्ये, कोणाच्या समक्ष आणि किती जणांच्या किल्लीने ठेवावयाचे, याची पंचनाम्याइतकीच काटेकोर रीत असणे किती अगत्याचे आहे, ते यावरून दिसते.

हस्तांतराची रीत

ज्याला आपले कूटचलन एक्सचेंजवरून स्वतःच्या वॉलेटमध्ये किंवा स्वतःच्या एका वॉलेटमधून दुसऱ्यात न्यावयाचे आहे, त्याच्यासाठी काही रीती अनुभवाने सिद्ध झाल्या आहेत. त्यात गूढ काही नाही. घाई मात्र चालत नाही.

पहिली गोष्ट नव्या वॉलेटची. ते ज्याचे त्याने स्वतः, एकांतात उघडावे. पडद्यावर येणारे बारा वा चोवीस शब्द शाईने कागदावर क्रमाने लिहावेत. त्यांचे छायाचित्र काढू नये, ते ईमेलमध्ये वा मोबाइलच्या टिपणवहीत ठेवू नयेत. कारण मोबाइलमधील छायाचित्रांच्या प्रती पुष्कळदा धन्याच्या नकळत कंपनीच्या दूरच्या संगणकावर जाऊन बसतात. येथे मराठी माध्यमातून शिकलेल्यांसाठी एक अडचण आहे. या शब्दांच्या प्रमाण याद्या इंग्रजी, जपानी, स्पॅनिश अशा काही भाषांत आहेत. मराठी वा हिंदी त्यांत नाही. तेव्हा शब्द इंग्रजी लिपीतच, स्पेलिंग पडताळून लिहावेत. उच्चारावरून देवनागरीत लिहून ठेवल्यास पुढे स्पेलिंग चुकण्याचा संभव आहे. इंग्रजी यादीतील प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरूनच वेगळा ओळखता येतो, त्यामुळे निदान ती चार अक्षरे सुवाच्य असावीत. मोठी रक्कम असल्यास पेन ड्राइव्हच्या आकाराचे स्वतंत्र उपकरण मिळते. त्यात किल्ली बंदिस्त राहते आणि स्वाक्षरी उपकरणाच्या आतच होते. ते नवे आणि अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे. ज्या उपकरणाबरोबर बारा शब्द आधीच छापून आले असतील, ते विकणाऱ्याने लावलेला सापळा समजावे.

दुसरी गोष्ट परीक्षेची. रक्कम पाठविण्यापूर्वी, वॉलेट अजून रिकामे असतानाच, ते मोबाइलवरून वा उपकरणावरून पुसून टाकावे आणि कागदावरील शब्दांनी पुन्हा उभारावे. पूर्वीचाच पत्ता आला तर लिहिलेले बरोबर आहे. ही परीक्षा रक्कम आल्यावर देण्यात अर्थ नाही.

तिसरी गोष्ट पत्त्याची. पत्ता हाताने लिहू नये, नक्कल करून चिकटवावा. पण चिकटविल्यावर पुन्हा वाचावा. नक्कल केलेला पत्ता चिकटविताना बदलून आपला पत्ता घालणारे उपद्रवी प्रोग्रॅम संगणकात शिरलेले असतात. दुसरी युक्ती याहून सूक्ष्म आहे. चोर असा पत्ता तयार करतो की त्याची सुरुवातीची आणि शेवटची काही अक्षरे धन्याच्या नेहमीच्या पत्त्यासारखी असावीत, आणि त्यावरून क्षुल्लक रक्कम पाठवून तो धन्याच्या जुन्या व्यवहारांच्या यादीत आपला पत्ता घुसवितो. यादीतून पत्ता उचलणारा आणि दोन्ही टोके तेवढी पाहणारा फसतो. म्हणून पत्ता जुन्या यादीतून न घेता दर वेळी आपल्या नव्या वॉलेटमधून घ्यावा आणि मधली अक्षरेही ताडून पाहावीत. उपकरण असल्यास संगणकाच्या पडद्यावर विश्वास न ठेवता उपकरणाच्या पडद्यावरील पत्ता प्रमाण मानावा.

चौथी गोष्ट मार्गाची. एकच नाणे निरनिराळ्या जाळ्यांवरून, म्हणजे नेटवर्कवरून, फिरू शकते. डॉलरशी बांधलेले टिथर हे नाणे इथेरियमवर आहे आणि ट्रॉनवरही आहे. पाठविणाऱ्याने एक मार्ग निवडला आणि घेणारे वॉलेट तो मार्ग जाणत नसले, तर रक्कम दिसेनाशी होते व ती परत मिळविणे कधी कष्टाचे, कधी अशक्य ठरते. शिवाय प्रत्येक मार्गाचे शुल्क त्या मार्गाच्या मूळ नाण्यात द्यावे लागते. ते नाणे थोडेसेही शिल्लक नसेल तर मोठी रक्कम समोर दिसत असूनही हलविता येत नाही.

पाचवी गोष्ट धीराची. आधी अगदी थोडी रक्कम पाठवावी, ती पोहोचल्याची खात्री करून घ्यावी, मगच उरलेली पाठवावी. दुप्पट शुल्क पडेल, पण एस. टी.चे एक जादा तिकीट काढल्याइतकेच ते नुकसान समजावे.

जुनी किल्ली कागदावर छापून ठेवलेली असेल तर आणखी एक विवेक लागतो. अशी किल्ली नव्या वॉलेटमध्ये नुसती दाखल करून घेतली, तर रक्कम त्या जुन्या पत्त्यावरच राहते आणि ती किल्ली पूर्वी ज्याने पाहिली असेल त्याचा अधिकारही तसाच राहतो. म्हणून जुन्या पत्त्यावरील सारी रक्कम एकदम नव्या वॉलेटच्या ताज्या पत्त्यावर झाडून न्यावी आणि जुनी किल्ली पुन्हा वापरू नये. कागदी किल्लीतून थोडीच रक्कम खर्च केली की बिटकॉइनमध्ये उरलेली मोड पुष्कळदा वेगळ्याच पत्त्यावर परत येते. हे न कळल्यामुळे, कागद जपून ठेवला की उरलेली रक्कम जपली, या समजुतीत अनेकांनी पैसे गमावले. आणि कोणत्याही अनोळखी संकेतस्थळावर, तपासणीच्या नावाखालीसुद्धा, किल्ली वा बारा शब्द भरू नयेत. ते मागणारा, मग तो कंपनीचा मदतनीस म्हणवो वा सरकारी अधिकारी, चोरच समजावा. कारण प्रामाणिक माणसाला त्यांची गरजच पडत नाही.

कागद आणि वारस

किल्ली चोरापासून जपणे हा अर्धा भाग झाला. ती आपल्या माणसांसाठी जपणे हा उरलेला. क्वाड्रिगा या कॅनडातील एक्सचेंजचा तरुण संस्थापक डिसेंबर २०१८ मध्ये जयपूर येथे मरण पावला, तेव्हा हजारो ग्राहकांच्या रकमांच्या किल्ल्या त्याच्याबरोबर गेल्या असे सांगण्यात आले. पुढे चौकशीत बहुतेक रक्कम त्याने आधीच उधळली होती असे निष्पन्न झाले. पण किल्ल्या एकाच माणसाच्या हाती असल्या म्हणजे मृत्यू आणि लबाडी यांतला फरकही कित्येक महिने कळत नाही, हे तेव्हा दिसले. बँकेत नामनिर्देशन असते. भविष्यनिर्वाह निधीत असते. कूटचलनाच्या स्वतःच्या वॉलेटमध्ये तशी सोय नसते. डहाणूच्या किनाऱ्यावर पावसाळ्याचे चार महिने भिंतींना ओल येते, तेथे एक कागद एका कपाटात ठेवणे पुरेसे नाही. दोन प्रती दोन सुरक्षित जागी, शक्य तर धातूच्या पट्टीवर कोरलेल्या, आणि घरातील एका विश्वासू व्यक्तीला निदान अशी वस्तू अस्तित्वात आहे व कोठे आहे याची माहिती, एवढी व्यवस्था किमान हवी.

कायद्याची मर्यादा

कायदा या क्षेत्रात अजिबात नाही असे नव्हे. १ एप्रिल २०२२ पासून कूटचलनाच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या वेळी एक टक्का करकपात लागू झाली. मार्च २०२३ मध्ये हे व्यवहार करणाऱ्या कंपन्या काळ्या पैशाविरोधी कायद्याच्या कक्षेत आल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वझीरएक्सच्याच एका ग्राहकाच्या प्रकरणात कूटचलन ही मालमत्ता असल्याचा निर्णय दिला. स्वतःच्याच दोन वॉलेटमधील हालचाल ही विक्री नव्हे. परंतु ती तशी होती हे दाखविण्यासाठी तारीख, रक्कम, दोन्ही पत्ते आणि व्यवहाराचा क्रमांक यांची टिपणी ठेवली पाहिजे. चोरी झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी. चोरटी रक्कम एखाद्या एक्सचेंजवर पोहोचली तर ती तेथे गोठविता येण्याची शक्यता असते. यापलीकडे कायद्याचा हात पोहोचत नाही. न्यायालय मालकी मान्य करील, पण किल्लीवाचून आदेशाची बजावणी करणार कशी?

शाळेचे काम

मग सामान्य पगारदार माणसाने या वाटेला जावेच का, असा प्रश्न उरतो, आणि त्याचे सरळ उत्तर दिले पाहिजे. ज्याला वर सांगितलेली रीत स्वतःच्या हाताने, कोणाच्या मदतीवाचून पार पाडता येत नाही, त्याने या संपत्तीपासून दूर राहावे. त्यात कमीपणा नाही. खरा धोका अर्धवट मार्गाचा आहे. ‘ओळखीचा मुलगा’ वॉलेट उघडून देतो, तोच बारा शब्द लिहून घेतो, तोच सांगतो की किती नफा झाला. अर्ज दुसऱ्याने भरावा, मोबाइलवर आलेला सांकेतिक अंक दुसऱ्याला सांगावा, ही सवय आपल्याकडे सरकारी योजनांच्या निमित्ताने सर्वत्र पडली आहे. बँकेच्या खात्यात तिच्यामुळे झालेले नुकसान कधी भरून येते. कूटचलनात, वॉलेट दुसऱ्याने उघडून दिले त्याच क्षणी कोऱ्या कागदावर अंगठा दिलेला असतो. मध्यस्थ प्रामाणिक असला तरी स्थितीत फरक पडत नाही. त्याच्या मोबाइलमधील छायाचित्र त्याच्याइतके प्रामाणिक असेलच असे नाही.

म्हणून हा प्रश्न तंत्रज्ञांवर सोडून चालणार नाही. तो साक्षरतेचा आहे आणि त्याचे स्थान शाळा-महाविद्यालयांत आहे. तलासरी आणि डहाणूच्या महाविद्यालयांतून वाणिज्य शिकणाऱ्या विद्यार्थ्याला धनादेशावरील रेघांचा अर्थ शिकविला जातो. तितक्याच सहजपणे सार्वजनिक आणि खाजगी किल्लीतील भेद, स्वाक्षरी म्हणजे काय, उलटविता येणारा आणि न येणारा व्यवहार कोणता, हे शिकविता येईल. त्यासाठी एक रुपयाचेही कूटचलन विकत घेण्याची आवश्यकता नाही; फळ्यावर दोन पत्ते लिहून मधली चार अक्षरे बदलली की निम्मा धडा झाला. हे ज्ञान कूटचलनापुरते मर्यादितही राहणार नाही. आधारचा ठसा, डिजिटल स्वाक्षरी, बँकेचा सांकेतिक अंक या साऱ्यांच्या मुळाशी हाच विचार आहे, आणि त्यांच्याशी या दोन तालुक्यांतील प्रत्येक कुटुंबाचा संबंध येतो.

मराठीत या विषयावर सोप्या, अधिकृत आणि निःस्वार्थ सूचना निघणे ही त्याची पहिली पायरी ठरेल. आज जे मराठीत उपलब्ध आहे, त्यातील बरेचसे काही ना काही विकणाऱ्यांनी लिहिलेले असते. विद्यापीठ, शिक्षण विभाग आणि पोलीस खाते यांनी मिळून दहा पानांची एक पुस्तिका काढली आणि ती पाड्यावरच्या आश्रमशाळेपर्यंत पोहोचली, तर तिचा खर्च एखाद्या मध्यम आकाराच्या फसवणुकीच्या रकमेहूनही कमी असेल. फसवणूक झाल्यावर गुन्हा नोंदविण्यास यंत्रणा आहे. होण्यापूर्वी सांगणारा कोणी नाही. ही उणीव भरून काढणे अवघड नाही. ते काम शिक्षकाने हाती घ्यावे, कारण या प्रदेशात ते त्याने पूर्वीही केले आहे.